चार नंबरच्या टाकीतली मेंढी

"आता हसायचंही नाही म्हणे," आ-फेन माझ्या मानेमागे कुरकुरली. ती माझ्या पाठीवरून धूळ टिपायचा चिकट रूळ फिरवत होती, आणि चिडली की ती रूळ असा दाबते की बरगड्या मोजून होतात. "परवा शेंगदाणे बंद केले. काल चहात उकडलेलं अंडं. आज हसणं. उद्या सांगतील, श्वास घरूनच घेऊन या."

"हळू गं," मी म्हटलं. "मी मेंढी नाहीये कातरायला."

तेव्हा मेंढीचा विषय अजून निघायचा होता. शब्द आपला माझ्या तोंडून सहज गेला. पुढे महिनाभर मी तो आठवून जीभ चावत होते.

सूचना दारावर ताजी चिकटवली होती. 'आत हसू नये. हसताना मास्कच्या कडा उघडतात.' खाली कारखान्याच्या प्रमुखांची, पेंग साहेबांची सही, टोकदार आणि सरळ. आमच्या शिन्चू शहराचा वारा झाडं वाकवतो, दुचाक्या आडव्या पाडतो, पण साहेबांच्या सहीतली एक रेघ कधी वाकली नाही.

मी लो छिउ-मोई. या कारखान्यात कपडे बदलायच्या खोलीवर मला एकोणीस वर्षं झाली, आ-फेन तिथेच माझ्या जोडीला. ज्या दालनात चिप बनतात त्याला आम्ही सगळे नुसतं 'आत' म्हणतो, आणि आत जाणारा प्रत्येक जण आधी माझ्यासमोर उभा राहतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, टोपी, मास्क, दोन थर हातमोजे, उंच बूट. कुणाची बट बाहेर आली, कुणी पावडर लावून आली, कुणी सिगारेट ओढून पाणी न पिता आला, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. माणूस नुसता उभा राहिला तरी झडत असतो. कातडी, केस, कपड्याचं सूत. आत हे काहीच चालत नाही. सिलिकॉनच्या एका चकतीवर एवढंसं कुसळ पडलं की तिच्यावरच्या शेकडो चिपांपैकी कितीतरी वाया. म्हणून चकत्या धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, आणि धुतल्यावर ज्या पाण्याने धुतल्या तेसुद्धा स्वच्छ होतं का ते तपासायचं. मला शाळेत हे कुणी शिकवलेलं नाही. शाळा मी लवकर सोडली. अभियंते रद्दीत टाकायचे ती माहितीपुस्तकं मी घरी नेऊन वाचली, शब्द अडला तर दुसऱ्या दिवशी पोशाखाची चेन लावता लावता त्यांनाच विचारलं. डोळ्यांवरून आणि चालीवरून सहाशे माणसं ओळखता येतात मला. तोंडं फारशी बघितलेली नाहीत.

तर गोष्ट अशी झाली की वसंत संपता संपता चार नंबरच्या धुलाईच्या टाकीतून निघालेल्या चकत्यांवर तंतू सापडायला लागले. आधी आठवड्याला एखादा. मग रोज. डॉक्टर चिउ म्हणून एक अभियंता आहे, पस्तिशीचा, परदेशातून डॉक्टरेट करून आलेला, घाम लवकर फुटतो त्याला. त्याने तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाला, "लोकर."

मग पुन्हा बघून म्हणाला, "शेंदरी लोकर."

आणि मग सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलून त्याने दिवा बंद केला. सगळेच आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कारण शेंदरी लोकर कुठे आहे ते आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ती पेंग साहेबांच्या अंगावर होती.

पोशाखाच्या आत, सदऱ्यावर घातलेला बिनबाह्यांचा स्वेटर. त्यांच्या बायकोने, सुई-इंग वहिनींनी, विणलेला. वहिनी शिनपू गावच्या. तिकडे शरद ऋतूत अंगणभर पर्सिमॉनची शेंदरी फळं वाळत घालतात आणि त्यांच्या सालांच्या रसात सूत रंगवतात. तो रंग दुसऱ्या कशाचा होऊच शकत नाही. वहिनींनी हा स्वेटर हॉस्पिटलच्या खाटेवर विणायला घेतला आणि चांद्र वर्ष संपायला बारा दिवस असताना त्या गेल्या. आठव्या दिवशी साहेब कामावर आले ते तो घालूनच. तेव्हापासून तो त्यांच्या अंगावरून उतरलेला मी पाहिलेला नाही. बाहेर भर उन्हाळ्यात, माणसं सावलीतून सावलीत पळत असताना, साहेब स्वेटर घालून गाडीतून उतरत.

आता यातली खरी अडचण ऐका. स्वेटर पुरा झालेला नव्हता. खालची ओळ बंद करायची राहिली होती. वहिनींनी उघड्या टाक्यांतून एक पांढरा दोरा ओवून ठेवला होता, तो कधीतरी निघून गेला. तेव्हापासून स्वेटर उसवत होता. रोज थोडा. फेब्रुवारीत तो साहेबांच्या कमरेपर्यंत होता. मे महिन्यात बेंबीपर्यंत आला. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यापर्यंत, म्हणजे मेलेले परत येतात त्या भुतांच्या महिन्यापर्यंत, तो बरगड्यांच्या वर चढला होता.

आणि कारखान्याची नियमावली पेंग साहेबांनीच लिहिलेली, चोवीस वर्षांपूर्वी. तिचा पहिला नियम: लोकरीचे काहीही अंगावर नको.

माझं काम सांगायचं होतं. दारावर जी उभी असते तिने सांगायचं असतं. मी नाही सांगितलं. रोज सकाळी साहेब बाकावर बसून बूट चढवत, चेन वर ओढत, मी म्हणे, "साहेब, टोपी," ते टोपी नीट करत, आणि आत जात. ते गेले की बाकाखाली वीतभर, कधी हातभर शेंदरी धागा पडलेला असे. झाडून टाकायला माझा हात होत नव्हता. मी तो बोटाला गुंडाळून माझ्या कपाटात ठेवत गेले. लिंबाएवढा गुंडा झाला. मग संत्र्याएवढा.

"सांगून टाक ना एकदाचं," आ-फेन म्हणायची.

"तू सांग."

"मला नातवंडं आहेत."

"आणि मला काय मेंढ्या आहेत?" परत तोच शब्द बघा.

साहेबांनी तंतूंविरुद्ध मोहीम उघडली. काम ते मन लावूनच करतात, त्यामुळे मोहीमही मन लावून चालली. तंतू वाढले म्हणून साहेब दिवसातून एकदा स्वतः चार नंबरच्या टाकीशी जाऊन उभे राहायला लागले. त्याने तंतू आणखी वाढले. म्हणून साहेब दोनदा जायला लागले. पार पाण्यावर वाकून, हात पाठीमागे बांधून, एक-एक चकती वर येताना बघत. त्यांच्यासारखी काळजी कुणी घेतली नसेल. तंतू तिप्पट झाले.

मग मनाई सुरू झाली. आधी लोकरीची, ती तर होतीच. मग सुती मोजे. मग मांसाच्या सुक्या तंतूंचा पाव, कारण त्यात तंतू हा शब्द होता. मग आमचा हाक्का लोकांचा कुटलेला चहा, त्यात तीळ असतात म्हणून. साहेब स्वतः हाक्का. त्यांच्या आईने तो चहा कुटण्यात जन्म घालवला. ती सूचना लिहिताना त्यांचा हात थोडा थांबला असेल, पण सही सरळच होती.

जूनच्या बैठकीला मलाही बोलावलं. मी दाराशी बसले. डॉक्टर चिउने पडद्यावर आलेख लावला. त्यावर रोज दोन शिखरं होती, एक नऊ वाजून दहा मिनिटांनी, दुसरं दोन वाजून दहा मिनिटांनी. इतकी सारखी, इतकी टोकदार, की ती साहेबांची सहीच वाटावी.

"हे शिखर कशाचं?" साहेबांनी विचारलं.

"सकाळचं, साहेब."

"आणि हे?"

"हे दुपारचं."

"हे दोन दिवस शून्य आहे. एकही तंतू नाही. या दोन दिवशी काय वेगळं होतं?"

डॉक्टर चिउ पाणी प्यायला. त्या दोन दिवशी साहेब ताइपेला गेले होते हे खोलीतल्या बावीस जणांना माहीत होतं. त्यांच्या गाडीची व्यवस्था करणारा तर त्यांच्या शेजारीच बसला होता.

"त्या दोन दिवशी," डॉक्टर चिउ म्हणाला, "ताइपेला पाऊस होता."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

"लोकर नेमकी येते कुठून?" ते म्हणाले. "मला सरळ उत्तर द्या. तुम्ही सगळे शिकलेली माणसं आहात."

सगळे वह्यांत काहीतरी लिहायला लागले. शेवटी डॉक्टर चिउच्या तोंडून निघालं, अगदी सर्वसाधारण ज्ञान म्हणून, "मेंढीपासून, साहेब."

साहेबांनी लिहिलं: मेंढी. खाली रेघ ओढली.

"मग शोधा तिला."

मला वाटलं कुणीतरी हसेल. पण हसायला मनाई होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यांना हायसं वाटलं होतं. मेंढी ही सगळ्यांना सोयीची होती. तिचं कुणी मेलेलं नव्हतं. तिला सांगायला गेलं तर तिच्या डोळ्यांत बघावं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मेंढी-समिती बसली. जमिनीच्या जाळीदार फरश्या उचलून खाली दिवे सोडले. हवेच्या नळ्यांत एक माणूस शिरला आणि दुसऱ्या बाजूने निघाला, हातात एक जुना स्क्रू. मेंढी आत आली असेल तर पोशाखाशिवाय आली की पोशाख घालून, यावर दीड तास चर्चा झाली. पोशाखाशिवाय आली असती तर तंतू जास्त असते, असं एकाने गणिताने सिद्ध केलं. म्हणजे पोशाख होता. मग ते माझ्याकडे आले.

"मोईताई," डॉक्टर चिउ म्हणाला, माझ्या डोळ्यांऐवजी माझ्या टोपीकडे बघत, "अलीकडे दोन जोड बूट एकदम कुणी मागितले होते का?"

"चार पायांसाठी?"

"हो. साधारण."

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही काय काम करता?"

त्याच्या कपाळावर घाम आला. "ताई, उगाच नका ना." आणि मग अगदी हळू, "मला ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. पण मी नाही सांगू शकत. वहिनी गेल्या तेव्हा मी त्यांना एक ओळीचा मेल पाठवला होता फक्त. आता कुठल्या तोंडाने सांगू, साहेब, तो काढा म्हणून?"

त्याचा राग येणार होता तो तिथेच जिरला.

मेंढी बाहेर यावी म्हणून कोबी ठेवायचं ठरलं. कोबी आत नेता येत नाही, त्यावर माती असते. म्हणून कोबीचा फोटो काढला, धूळ न सोडणाऱ्या खास कागदावर छापला, आणि चार नंबरच्या टाकीशेजारी उभा केला. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात, हिरवंच, आणि तारीख न उलटलेलं. समितीने सगळ्या पाकिटांच्या तारखा तपासल्या. एका पाकिटाची तारीख चार दिवसांपूर्वी उलटलेली निघाली. दोन तास सगळ्यांना वाटलं, चला, सुटलो. पाकीट बदललं. दोन वाजून दहा मिनिटांनी साहेब टाकीवर वाकले. एकतीस तंतू.

मग मोठ्या गिऱ्हाइकाकडून पत्र आलं. सातव्या महिन्यातल्या एका सोमवारी त्यांची माणसं तपासणीला येणार होती. त्याआधी कारण सापडलं पाहिजे, आणि कारण म्हणजे कुणाचं तरी नाव.

कपाटं तपासायचा हुकूम निघाला, आणि माझ्या कपाटात शेंदरी लोकरीचा गुंडा सापडला. एव्हाना तो पपनसाएवढा झाला होता.

साहेबांनी मला बोलावलं. गुंडा त्यांच्या टेबलावर होता, पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी: 'पुरावा १'. डॉक्टर चिउ खिडकीशी उभा राहून बाहेर वाऱ्याने उडणारी कुणाची तरी छत्री फार लक्ष देऊन बघत होता.

"मोईबाई," साहेब म्हणाले, "हे तुमचं आहे?"

"माझ्या कपाटात होतं, साहेब."

"तुम्ही विणता?"

"येतं थोडंफार."

त्यांनी पिशवी उचलली, उजेडात धरली. बराच वेळ धरली. मला वाटलं आता ओळखतील. ओळखायलाच हवं. त्यांच्या गळ्याशी, सदऱ्याच्या कॉलरखाली, तोच रंग दिसत होता, एका हाताच्या अंतरावर.

"रंग चांगला आहे," ते म्हणाले, आणि पिशवी खाली ठेवली.

मग त्यांनी कागद पुढे केला. लिहिलं होतं की कपडे बदलायच्या खोलीतून निष्काळजीपणे लोकरीचा प्रवेश होऊ दिला, आणि याची जबाबदारी खाली सही करणारीची. सही केली की शुक्रवारी नोकरी संपेल. चांगलं पत्र देऊ, असं ते म्हणाले, एकोणीस वर्षं कमी नसतात. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत आ-फेनलाही गोवावं लागेल, ती त्याच खोलीत असते.

"विचार करा. शुक्रवारी सकाळी प्रात्यक्षिक घेऊ," साहेब म्हणाले. "लोकर आत कशी जाते ते मला डोळ्यांनी बघायचंय. उगाच कुणावर आळ नको."

त्यांना ते खरंच हवं होतं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आता एक गोष्ट मी आ-फेनलाही सांगितलेली नव्हती, ती इथे सांगते. वहिनी हॉस्पिटलात असताना मी एकदा भेटायला गेले होते. कारखान्याच्या कुटुंब-दिवसाला त्या दरवर्षी यायच्या आणि आम्हा खोलीवरच्या बायकांना वाळवलेल्या पर्सिमॉनचा डबा द्यायच्या, साहेब लोकांच्या आधी. म्हणून गेले. स्वेटर त्यांच्या मांडीवर होता, जवळजवळ पुरा.

"मोई," त्या म्हणाल्या, "शेवटची ओळ बंद करायला बोटं वळत नाहीत गं. करून देशील?"

"हे काय, दहा मिनिटांचं काम. पण आज माझी बस आहे सहाची," मी म्हटलं. "रविवारी येते. रविवारी निवांत करू."

त्या गुरुवारी गेल्या.

आणि बस त्या दिवशी सहाला आलीच नाही. वाऱ्यामुळे उशिरा होती. पाऊण तास नुसती थांब्यावर उभी होते.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेल, स्वेटर उसवत होता तो साहेबांचा, पण टाका माझ्याकडून सुटला होता. तो धागा उचलताना दर वेळी मला हेच वाटे. सांगायला तोंड उघडलं की हेही बाहेर पडेल, म्हणून मी मिटून होते, आणि बाकीचे माझ्याकडे बघून मिटून होते, की बाई दारावर उभी राहून बोलत नाही तर आपण कशाला.

शुक्रवार आला. त्या दिवशी दुपारी फाटकापाशी भुतांना नैवेद्य होता, तसा तो दर वर्षी असतो. लांबच लांब टेबलं मांडली होती, फळं, कोंबड्या, तांदळाच्या दारूच्या बाटल्या, बिस्किटांचे डोंगर. मेंढी-समितीने एका कोपऱ्यात कोबीचा गड्डा ठेवला होता. या वेळी खरा. बाहेर माती चालते.

प्रात्यक्षिक सकाळी होतं. आमच्या खोलीतून आत जायला एक वाऱ्याची कोठडी लागते, दोन माणसं मावतील एवढी. हात वर करून उभं राहायचं, चहूकडून वारा येतो, जे काही चिकटलंय ते उडवतो, मग आतलं दार उघडतं. साहेबांनी आदल्या रात्रीच तिच्यात तंतू मोजणारं यंत्र बसवून घेतलं होतं आणि दारं त्याला जोडली होती. आकडा शून्य झाल्याशिवाय कुठलंच दार उघडणार नाही. पुढचंही नाही, मागचंही नाही.

काचेपलीकडे समिती उभी होती. एकाच्या हातात दोर होता. कशासाठी ते विचारायचं मी टाळलं. आ-फेन नियमाविरुद्ध नखं खात होती.

आधी मी एकटी गेले. हात वर केले. वारा आला. आकडा सात, मग दोन, मग शून्य. आतलं दार खट्कन उघडलं.

"मोईताई स्वच्छ आहेत," डॉक्टर चिउने ध्वनिक्षेपकातून जाहीर केलं, कुणी दगावल्याची बातमी द्यावी तसं.

मी परत आले. साहेबांच्या हातात कागद होता, सहीची जागा मोकळी. ते थोडे गोंधळलेले दिसले. "यंत्र बरोबर चालतंय का ते बघायला हवं," ते म्हणाले. "मोईबाई, चला माझ्याबरोबर. मी स्वतः उभा राहतो."

काचेपलीकडे बावीस माणसांनी एकदम श्वास सोडला. काचेवर धुकं आलं.

आम्ही दोघं आत शिरलो. दार मागे बंद झालं. दोघांनीही हात वर केले, जसं कुणी आम्हाला लुटायला आलंय. वारा सुटला.

आकडा दोनशे बारा.

"गोल फिरा," यंत्र म्हणालं. यंत्राचा आवाज एका गोड मुलीचा आहे. आम्ही गोल फिरलो. वारा सुटला. दोनशे अठरा.

"गोल फिरा."

दोनशे एकतीस. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर साहेबांच्या पोशाखाच्या गळ्याशी शेंदरी भुगा उडत होता, बारीक, कणीच्या पिठासारखा. तो दिव्यात तरंगत होता आणि काचेपलीकडचा प्रत्येक जण छताकडे बघत होता.

"गोल फिरा."

"चिउ," साहेब म्हणाले, हात वरच, "काय प्रकार आहे हा?"

"यंत्र बिघडलं असावं, साहेब."

"यंत्र मी काल स्वतः तपासलंय. आत्ता मोईबाईंना शून्य दाखवलं त्याने."

"मग दिव्याचा परिणाम असेल."

"दिवा तोच आहे."

"मग..." डॉक्टर चिउच्या कपाळावरचा घाम मला काचेतून दिसत होता. "मग मेंढी तुमच्या मागे उभी असावी, साहेब."

आणि पेंग साहेबांनी मागे वळून बघितलं.

खरंच बघितलं. उजवीकडून, मग डावीकडून, खाली बुटांच्या मागे. एवढा मोठा माणूस, चोवीस वर्षांची नियमावली लिहिणारा, दीड मीटरच्या कोठडीत हात वर करून मेंढी शोधत होता. आ-फेनने काचेवर तोंड दाबलं. हसू नव्हे, रडू दाबायला.

"गोल फिरा," गोड मुलगी म्हणाली. ते फिरले. ते आज्ञाधारकपणे फिरले, एकटेच. मी नाही फिरले. त्यामुळे आम्ही समोरासमोर आलो.

मास्कच्या वर नुसते डोळे. मी सांगितलं ना, मी माणसं डोळ्यांवरून ओळखते. ते डोळे काही शोधत नव्हते. जे सापडलेलं आहे ते आपल्या हातून हरवू नये म्हणून जो दुसरीकडे बघत राहतो, त्याचे डोळे होते ते. त्यांना ठाऊक होतं. कदाचित गुंडा उजेडात धरला तेव्हापासून. कदाचित पहिल्या तंतूपासून. ते आम्हा सगळ्यांना महिनोन्‌महिने मनाई करत होते, शेंगदाणे, अंडी, आईच्या हातचा चहा, हसणं, आणि वाट बघत होते की कुणीतरी त्यांना मनाई करेल.

वारा थांबला. शेंदरी भुगा आमच्या दोघांमध्ये संथ खाली येत होता.

"मोईबाई," ते म्हणाले. ध्वनिक्षेपकात जाणार नाही एवढ्या हळू, आणि आमच्या हाक्का बोलीत, जी ते कामावर कधी बोलत नाहीत. "तुम्हाला दिसते का मेंढी?"

मी हात खाली घेतले. एकोणीस वर्षांत त्या कोठडीत मी पहिल्यांदाच हात खाली घेतले.

"साहेब, मेंढी नाही. तो वहिनींचा स्वेटर आहे, आणि वहिनी आता नाहीत. शेवटची ओळ त्यांनी मला बंद करायला सांगितली होती, मी रविवारी येते म्हणाले. काढून द्या माझ्याकडे. सगळा धागा जपून ठेवलाय मी, होता तेवढा लांब करून देते, ओळही बंद करते. घरी घाला, बाहेर घाला, झोपतानाही घाला. पण आत नाही घालायचा."